विलायती बनपाव घरच्या घरी

मैत्रिणींनो, पाव या विषयावर आपण गृहिणींमध्ये सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, "पाव तो बाहेरचाच, घरी कोण करत बसणार!" दुसरा म्हणतो, "मैदा तो, पोटाला मुळीच बरा नाही." आणि गंमत अशी की, दोन्ही तटांतल्या घरी रविवार सकाळी पावाची लादी येतेच येते. मुलांना पावभाजी हवी असते, ह्यांना मिसळीच्या तर्रीत बुडवायला पाव हवा असतो. तेव्हा भांडण मिटवून आज आपण पावाकडेच वळू या. मात्र आपल्या लादीपावाकडे नव्हे, तर त्याच्या विलायती भाऊबंदांकडे. त्यांची थोडी ओळख करून घेऊ आणि मग पदर खोचून ते घरी करूनही बघू.

विलायतेचा पाव म्हटला की, आपल्या डोळ्यांपुढे येतो तो पिशवीतला चौकोनी, कापलेला स्लाइस ब्रेड. पण तिथल्या घरगुती जेवणात आणि गल्लीतल्या भट्टीत खरा मान आहे तो तळहाताएवढ्या गोल, मऊ पावाचा. सकाळी त्यात अंडे घालतात, दुपारी चीज, आणि संध्याकाळी सूपबरोबर नुसते लोणी लावून खातात.

नावे अनेक, गोळा एक

बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण आपली. पण ती विलायतेच्या पावाला अगदी चपखल बसते. मऊ, वरून मैदा भुरभुरलेला स्कॉटिश पाव म्हणजे बॅप. सकाळच्या न्याहारीचा म्हणून तिकडे त्याला मॉर्निंग रोल असेही म्हणतात. मँचेस्टर-बोल्टन भागात हाच गोळा होतो बार्म. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टरकडे कॉब, तर कॉव्हेंट्रीत बॅच. यॉर्कशायरच्या काही गावांत साध्या पावालाच टीकेक म्हणतात. बाकी देशात टीकेक म्हटले की त्यात मनुका हव्याच! न्यूकॅसलकडची स्टॉटी चपटी, ताटलीएवढी आणि चिवट असते. ॲबरडीनची रोवी ऊर्फ बटरी खारट आणि पदर सुटलेली, खारीची दूरची मावशीच म्हणा ना. एकाच सामानातून किती रूपे! आपण नाही का एकाच कणकेची घडीची पोळी, फुलका, दशमी आणि पुरी करत? तसेच आहे हे.

यातले 'बार्म' हे नाव मला सगळ्यांत आवडते, कारण त्यात पावाचा सगळा इतिहास आला. यीस्टच्या पुड्या निघण्यापूर्वी पाव फुगवायचा कशाने? तर घरोघरी एल नावाची बीअर गाळत, तिच्यावर येणाऱ्या फेसाने. या फेसाला बार्म म्हणतात. जुन्या काळी एल गाळणे हे स्वयंपाकाइतकेच बायकांचे काम असे. एकाच घरात, एकाच बाईच्या हाताखाली पेयही होई आणि त्याच्या फेसावर पावही. पुढे एकोणिसाव्या शतकात दाबलेल्या यीस्टच्या वड्या बाजारात आल्या आणि बार्म मागे पडला. नाव तेवढे उरले. आपल्या शेजारी गोव्यातही असेच होते. तिथले पोदेर पूर्वी माडाच्या सुरेने पाव आंबवत. दोन टोकांचे दोन देश, पण युक्ती एकच.

पाव भाजायचा वार

आता थोडे त्या पावामागच्या बाईविषयी. इंग्लंडच्या दक्षिणेत सरपण महाग, म्हणून तिथे लोक फार पूर्वीपासून भट्टीवाल्याकडून पाव घेऊ लागले. उत्तरेत मात्र कोळशाच्या खाणी. खाणकामगाराला पगाराखेरीज कोळसा मिळे आणि घरात ओव्हन असलेली कोळशाची शेगडी असे. त्यामुळे यॉर्कशायर, लँकेशायर, डरहॅम या भागांत विसाव्या शतकातही बायका घरी पाव भाजत होत्या. आठवड्यातला एक वार त्यासाठी राखलेला. मोठ्या मातीच्या कुंड्यात पाच-सहा किलो पीठ भिजवायचे, फडके झाकून कुंडे चुलीपुढे उबेला ठेवायचे आणि मग दिवसभर घाण्यामागून घाणे भाजून काढायचे. शेवटी उरलेल्या पिठाचा चपटा गोळा ओव्हनच्या तळालाच टाकायचा; स्टॉटीचा जन्म तिथलाच.

हे ऐकायला फार गोड वाटते. पण मैत्रिणींनो, पाच-सहा किलो पीठ तिंबणे म्हणजे काय, हे दिवाळीच्या अनारशांना आणि लग्नघरच्या पुऱ्यांना हात लावलेल्या बाईला सांगायला नको. शिवाय ती शेगडी घासायची, काळा रंग लावून चकचकीत ठेवायची, तेही तिनेच. दुकानात तयार पाव मिळू लागला तेव्हा त्या बाईला आठवड्याचा एक अख्खा दिवस परत मिळाला, हे विसरून चालणार नाही. "पूर्वीच्या बायका किती करायच्या" असे म्हणणाऱ्याने आधी तिच्या दंडाला विचारावे!

मग गेले काय? तर हातातली कला गेली, आणि तिच्याबरोबर पावात काय घातले आहे हे कळण्याची सोयही गेली. एकोणिसाव्या शतकात लंडनचे भट्टीवाले पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात सर्रास तुरटी घालत. फ्रेडरिक ॲकम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये अन्नातल्या भेसळीवर पुस्तक लिहून हे उघडे केले. तरीही पक्का कायदा व्हायला १८७५ साल उजाडले. १९६१ मध्ये चॉर्लीवुड या गावच्या संशोधन संस्थेत अशी पद्धत निघाली, की यंत्राने पीठ काही मिनिटांत जोराने घुसळायचे आणि आंबण्याचा लांबलचक वेळ वाचवायचा. आज ब्रिटनमधला बहुतेक पाव याच पद्धतीने होतो. स्वस्त झाला, मऊ झाला. पण हळूहळू आंबल्याने येणारी चव मात्र घुसळून येत नाही.

आपणही यातून सुटलेलो नाही बरं का. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने मे २०१६ मध्ये पाव-ब्रेडच्या नमुन्यांची तपासणी जाहीर केली. बहुतेक नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळले. पीठ चांगले फुगावे म्हणून वापरले जाणारे हे ब्रोमेट ब्रिटनने १९९० मध्येच बंद केले होते. आपल्याकडे त्या तपासणीनंतर जून २०१६ मध्ये बंदी आली. घरच्या पावात काय आहे, हे विचारायला कुठल्या प्रयोगशाळेत जावे लागत नाही.

दोन बायका आणि एक कुंडे

माझी धाकटी नणंद लग्न होऊन लँकेशायरातल्या एका लहान गावी गेली. पहिला हिवाळा. नवरा सकाळी अंधारात जायचा, अंधारातच परत यायचा. ही दिवसभर घरात एकटी, पदवीधर असूनही तिथले बोलणे कानाला लागेना. शेजारी एक म्हातारी बाई राहायची, जन्मभर कापडगिरणीत राबलेली, विधवा. एके दिवशी तिने हिला खुणेनेच स्वयंपाकघरात बोलावले आणि पिठात हात घालायला लावला. तिची बोली हिला कळत नव्हती, हिचे पुस्तकी इंग्रजी तिला. पण कणीक किती घट्ट हवी, हे का बोलून सांगावे लागते?

तिकडे पावात डुकराची चरबी घालायची जुनी रीत. आपली नणंद पडली शाकाहारी. ते कळल्यावर म्हातारीने काय करावे? हिच्यासाठी लोण्याचा वेगळा डबा ठेवला, आणि पुढे बारा वर्षे दर गुरुवारी लोण्याचाच पाव केला. स्वतःसाठीसुद्धा!

म्हातारी गेली तेव्हा तिच्या मुलीने दारावर येऊन विचारले, "आईच्या हातचे बार्म आता फक्त तुम्हालाच येतात. अंत्यविधीनंतरच्या चहाला कराल का?" तिच्या स्वतःच्या मुली-सुनांपैकी कुणीच ते शिकून घेतले नव्हते. नणंदेने रात्री बसून साठ बार्म केले. मला फोनवर म्हणाली, "वहिनी, सगळे खाताना गप्प होते. मग एक म्हातारा म्हणाला, अगदी तिच्याच हातचे."

मी हे का सांगते? कला कुणाच्या रक्तात नसते, ती हातातून हातात जाते. घेणारा हात पुढे झाला नाही, तर ती तिथेच थांबते. आपल्या घरचे मेतकूट, सांडगे, आजेसासूबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या, यांनाही हेच लागू आहे. पण तो हात मुलीचाच असावा असे कुठे आहे? मुलाला, नवऱ्यालाही पीठ मळता येते. पाव मळायला तर जोरच लागतो. माझ्या घरी मळण्याचे काम नववीतल्या चिरंजिवांकडे आहे.

आता प्रत्यक्ष कृती : बॅप

सर्वांत सोपा आणि मऊ म्हणून आपण बॅपपासून सुरुवात करू. नऊ पाव होतात.

*साहित्य :* अर्धा किलो मैदा, दीडशे मिली दूध, दीडशे मिली पाणी, पन्नास ग्रॅम लोणी (बिनमिठाचे), दोन सपाट चहाचे चमचे इन्स्टंट ड्राय यीस्ट (सुमारे सात ग्रॅम), दीड चहाचा चमचा मीठ, एक चहाचा चमचा साखर, वर भुरभुरायला थोडा मैदा.

*कृती :* मैदा चाळून परातीत घ्यावा. एका कडेला मीठ, दुसऱ्या कडेला यीस्ट व साखर घालून सगळे कोरडेच एकत्र करावे. मग लोणी घालून बोटांनी चोळावे. शंकरपाळ्यांच्या मोहनासारखे सगळ्या पिठाला लागले पाहिजे. दूध-पाणी एकत्र करून कोमट करावे. कोमट म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंघोळीला चालेल इतपतच. कढत पाण्याने यीस्ट मरते आणि मग ते जन्मात फुगत नाही. हे कोमट दूध-पाणी थोडे थोडे घालत सैलसर पीठ भिजवावे.

पीठ आधी हाताला चिकटते. चिकटू द्यावे, लगेच कोरडा मैदा ओतू नये. ओट्यावर घेऊन तळहाताने पुढे ढकलावे, दुमडावे, वळवावे, पुन्हा ढकलावे. असे दहा मिनिटे घड्याळ लावून मळावे. पीठ गुळगुळीत झाले, आणि बोटाने दाबलेला खळगा हळूच भरून आला, की झाले. तेलाचा हात लावून खोल पातेल्यात ठेवावे व ओले फडके झाकावे. दुप्पट फुगायला थंडीत दीड तास, तर मे महिन्यात पाऊण तासही पुरे होतो. घड्याळापेक्षा पिठाकडे बघावे.

फुगलेले पीठ हलकेच दाबून हवा काढावी, नऊ सारखे गोळे करावे आणि तळहाताने थोडे लांबट-चपटे करून तूप लावलेल्या ट्रेमध्ये बोटभर अंतरावर मांडावेत. चाळणीने मैदा भुरभुरावा. अर्धा तास झाकून ठेवावे. भाजण्यापूर्वी प्रत्येक पावाच्या मधोमध अंगठा अलगद दाबावा. ही खास स्कॉटिश खूण. याने पाव वर फोड येऊन टम्म फुगत नाही, सपाट राहतो.

ओव्हन आधी पंधरा मिनिटे २०० अंश सेल्सियसवर तापवून घ्यावा आणि पाव पंधरा ते अठरा मिनिटे भाजावेत. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की भाजले गेले. बाहेर काढताच स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळावे. त्यांची वाफ त्यांनाच लागते आणि कवच मऊ राहते. कडक कवच आवडत असेल तर उघडे ठेवावे. आणि हो, निदान पंधरा मिनिटे तरी कापू नये. गरम पाव कापला की आत लगदा होतो.

ओव्हन नाही? मग तवा आहे ना!

विलायती मफिन, म्हणजे केकसारखा गोड मफिन नव्हे हं, तव्यावरच होतो. जुन्या लंडनमध्ये मफिनवाले डोक्यावर पाटी घेऊन, हातातली घंटा वाजवत गल्लोगल्ली विकत फिरत.

तीनशे ग्रॅम मैदा, दीड चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा मीठ, एक चमचा साखर, एक मोठा चमचा लोणी आणि सुमारे दोनशे मिली कोमट दूध-पाणी घेऊन वरीलप्रमाणेच, पण जरा अधिक सैल पीठ मळावे. फुगल्यावर ओट्यावर बारीक रवा पसरून पीठ दोन सेंटिमीटर जाड थापावे व वाटीने गोल पाडावेत. अर्धा तास झाकून ठेवावे. मग जाड बिडाच्या तव्यावर, अगदी मंद आचेवर, प्रत्येक बाजू सात-आठ मिनिटे भाजावी. आच मोठी झाली तर वरून करपते व आत कच्चे राहते, एवढे सांभाळावे. खाताना सुरी लावायची नाही. कडेने बोटांनी उकलून दोन भाग करायचे. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकातही मफिनला सुरी न लावण्याची ताकीद आहे!

बॅपसुद्धा जाड कढईत तळाशी मिठाचा थर, वर कडे ठेवून, झाकण घालून भाजता येतात. कढई आधी दहा मिनिटे तापवावी. एका वेळी तीन-चारच ठेवावेत आणि मध्यम-मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. वरचा रंग मात्र फिकाच राहतो.

नेहमीच्या शंका

*पाव दगडासारखा का होतो?* बहुधा पीठ घट्ट भिजवलेले असते, किंवा पुरते फुगलेले नसते. पावाचे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैलच हवे.

*यीस्टचा उग्र वास येतो.* पीठ उन्हाळ्यात जास्त वेळ बाहेर राहिले, किंवा यीस्ट जास्त पडले. चवीसाठी युक्ती अशी, की यीस्ट निम्मे घालून पीठ रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवायचे. हळूहळू आंबल्याने पाव अधिक खमंग लागतो, आणि सकाळी शाळेला जायच्या आधी भाजून होतो. मी स्वतः दुपारच्या शिकवण्यांमुळे हाच मार्ग धरला आहे.

*यीस्ट जिवंत आहे हे कसे ओळखावे?* अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. फेस आला तर जिवंत. पुडी फोडल्यावर घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्येच ठेवावी.

*विलायतेतल्यासारखा उंच का फुगत नाही?* तिथल्या पावाच्या खास पिठात प्रथिने साधारण बारा टक्के किंवा त्याहून जास्त असतात. आपल्या मैद्यात सहसा त्याहून कमी. म्हणून पाणी जपून घालावे आणि मळायला आळस करू नये.

*कणीक चालेल का?* एक तृतीयांश गव्हाचे पीठ जरूर घालावे, पाणी दोन चमचे वाढवावे. सगळाच पाव कणकेचा केला तर तो जड होतो. आणि मैदा तो मैदाच, हेही लक्षात असू द्या. घरात मधुमेहाचे कुणी असेल तर घरचा म्हणून दोन पाव जास्त, असे करू नका.

कशाबरोबर खायचा?

स्टॉटीत न्यूकॅसलकडे हॅमबरोबर पीज पुडिंग भरतात. हॅम सोडून द्या. पीज पुडिंग म्हणजे पिवळ्या वाटाण्याची डाळ मऊ शिजवून घोटलेली, आपल्या ओळखीचीच. मँचेस्टरकडे बार्ममध्ये चक्क बटाट्याचे गरम चिप्स भरतात आणि वर व्हिनेगर शिंपडतात. हसू नका! मुंबईच्या गिरणगावातल्या कामगारानेही पावात बटाटाच भरला होता की. कापडाच्या गिरण्या तिकडेही आणि इकडेही. पोट भरायला स्वस्त, हातात धरून खाता येणारे काहीतरी, हीच दोन्हीकडची गरज.

शेवटी एक हिशेबाची गोष्ट. घरचा पाव दुकानच्यापेक्षा फार स्वस्त पडतो, असे मी म्हणणार नाही. लोणी आणि वीज धरली तर फरक थोडाच. वेळ मात्र वाटतो तेवढा लागत नाही. मळायची दहा मिनिटे आणि गोळे वळायची दहा. बाकी वेळ पीठ आपले काम आपणच करत असते. तेवढ्यात वह्या तपासून होतात, किंवा जरा पाठ टेकता येते. पण रोजच्या पोळ्यांवर हे आणखी एक काम म्हणून अंगावर ओढून घेऊ नका. १९४६ साली ब्रिटनमध्ये पावाचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हा तिथल्या गृहिणींच्या संघटनेने विरोधात सह्यांची मोहीम काढली. कारण पाव ही त्यांच्या घराची रोजची गरज होती. आपल्यासाठी ती हौस आहे, तेव्हा हौसेसारखीच करा. महिन्यातून एक-दोनदा, सुट्टीच्या सकाळी, घरच्यांना हाताशी घेऊन.

साहित्य तर बहुतेक घरातच आहे, यीस्टची पुडी तेवढी वाण्याकडून आणा. आणि पीठ मळताना घरातले जे कुणी कुतूहलाने डोकावेल, त्याला नुसते बघत उभे राहू देऊ नका. हात धुऊन यायला सांगा!